थकलेलं शरीर आणि गोळ्यांची पिशवी

घरातल्या वयस्कर माणसाबद्दल बोलताना आपण मराठीत एक शब्द फार सहज वापरतो. "आई आता थकल्या." एवढं म्हटलं की पुढचं समजतं. आई आजारी नाहीत, अंथरुणाला खिळलेल्या नाहीत. पण पूर्वीचा जोम राहिला नाही, आणि साधं सर्दी-पडसं झालं तरी सावरायला पंधरा दिवस लागतात. इंग्लंडमधले डॉक्टर ज्याला 'फ्रेल्टी' म्हणतात ते साधारण हेच. फरक इतकाच की आपण "वय झालं" म्हणून सोडून देतो आणि ते मोजतात. कशासाठी मोजतात आणि घरातल्या गोळ्यांच्या डब्याशी त्याचा काय संबंध, हे सोप्या भाषेत सांगायचा हा प्रयत्न.

विषय मुद्दाम निवडला आहे. वॉटफर्ड आणि आसपास आलेली आपली पहिली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. शिवाय उन्हाळा आला की पुण्या-नाशिकहून कुणाचे ना कुणाचे आईवडील सहा महिन्यांसाठी येतात, ते बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी सहा महिन्यांच्या गोळ्या घेऊनच. दोन्ही घरांतले प्रश्न बरेचसे सारखे असतात.

वय वेगळं, थकणं वेगळं

पहिली गोष्ट म्हणजे फ्रेल्टी आणि वय एक नव्हे. पंच्याऐंशीचे काका कॅशिओबरी पार्कात रोज फेरी मारतात आणि अडुसष्टच्या मावशींना जिना चढताना धाप लागते, अशी उदाहरणं आपल्याला माहीत आहेत. शरीराकडे एरवी थोडी शिल्लक असते, बँकेत असते तशी. आजारपण, पडणं, घरातलं दुःख, या खर्चाच्या वेळी ती कामाला येते. ही शिल्लक संपत आली की छोटा धक्काही मोठा ठरतो. लघवीच्या साध्या इन्फेक्शनने माणूस बरळायला लागतो, आठवडाभर झोपून राहिल्याने चालणंच सुटतं.

म्हाताऱ्या माणसांना नुसतं सांभाळायचं नाही, नीट तपासून पुन्हा उभं करायचं, हा विचार ब्रिटनमध्ये रुजवला डॉ. मार्जरी वॉरन यांनी. पश्चिम लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये १९३५ साली त्यांच्याकडे जुन्या वर्कहाऊसमधले शेकडो रुग्ण आले. त्यांतले कितीतरी वर्षानुवर्षं फक्त पडून होते. वॉरनबाईंनी प्रत्येकाची तपासणी केली, चालायला लावलं आणि अनेकांना घरी पाठवलं. आपल्या विकरेज रोडवरच्या वॉटफर्ड जनरलची जागासुद्धा मुळात वर्कहाऊसचीच, बरं का. पुढे एन.एच.एस. आल्यावर वृद्धांच्या वॉर्डात काम करायला इथले तरुण डॉक्टर फारसे उत्सुक नसत. ती जागा भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनी मोठ्या प्रमाणात भरून काढली. म्हणजे या शास्त्राच्या उभारणीत आपल्या माणसांचा हात आहे.

मोजतात कसं?

मोजण्याच्या काही पद्धती घरी समजून घेण्यासारख्या आहेत. २००१ साली अमेरिकेत डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच खुणा सांगितल्या: प्रयत्न न करता घटलेलं वजन, सततचा थकवा, हाताची कमजोर पकड, मंद चाल आणि कमी झालेली हालचाल. पाचपैकी तीन असतील तर फ्रेल्टी, एक-दोन असतील तर तिची सुरुवात.

२००५ साली कॅनडातले डॉ. केनेथ रॉकवुड यांनी 'क्लिनिकल फ्रेल्टी स्केल' मांडलं. इथल्या हॉस्पिटलांत बहुतेक हेच वापरतात. त्याच्या आज नऊ पायऱ्या आहेत. पहिलीवर ठणठणीत माणूस आणि नववीवर आयुष्याच्या अखेरीला पोचलेला. पाचव्या पायरीपासून बाहेरची मदत लागायला लागते: पैशांचे व्यवहार, बसचा प्रवास, जड घरकाम आणि स्वतःच्या गोळ्या सांभाळणं. म्हणजे गोळ्यांचा हिशेब चुकायला लागणं हीच थकण्याची एक खूण आहे, आणि थकलेल्या शरीरालाच चुकलेली गोळी सगळ्यात जास्त बाधते.

जी.पी.कडे तिसरी पद्धत असते. २०१६ साली जाहीर झालेला इलेक्ट्रॉनिक फ्रेल्टी इंडेक्स कॉम्प्युटरवरच्या नोंदींतून ३६ बाबी तपासतो. २०१७ पासून इंग्लंडमधल्या जी.पी. सर्जरींवर पासष्टीपुढच्या, मध्यम आणि तीव्र फ्रेल्टी असलेल्या रुग्णांची नोंद ठेवण्याची जबाबदारी आली. त्यात तीव्र फ्रेल्टी असलेल्यांच्या औषधांची वर्षातून एकदा फेरतपासणी करणं आणि पडण्याबद्दल विचारणं हेही आलं. पण यात एक मेख आहे. कॉम्प्युटर फक्त नोंदवलेलंच वाचतो. दोन वर्षांपूर्वी भारतातून कायमच्या आलेल्या आईंची फाईल जवळजवळ कोरी असते. मग कॉम्प्युटरच्या लेखी त्या ठणठणीत! साताऱ्यात झालेली बायपास आपण सांगितली नाही तर त्याला कळणार कशी?

घरी करून पाहण्यासारखी सोपी चाचणीही आहे. चार मीटर नेहमीच्या चालीने चालायला पाच सेकंदांहून जास्त वेळ लागला तर डॉक्टरांशी बोलावं. दिवाणखान्यात टेप लावून मोजता येतं. सोबत कुणीतरी उभं राहावं, आणि आईंच्या हातात काठी असेल तर काठीसकट चालू द्यावं.

करत नाहीत, की करू शकत नाहीत?

हॉस्पिटलमध्ये नर्स विचारते, "स्वयंपाक स्वतः करतात का? बिलं कोण भरतं? आंघोळीला मदत लागते का?" आपल्या घरांत याची उत्तरं फसवी असतात. आजोबांनी आयुष्यात चहा केलेला नाही, ही काही फ्रेल्टी नव्हे. सासूबाई स्वयंपाक करत नाहीत कारण सूनबाई गॅसजवळ जाऊ देत नाहीत, हीही नव्हे. उलट प्रकारही होतो. मुलगा बाजार करतो, सून गोळ्या काढून देते, नातू हात धरून जिना उतरवतो. या प्रेमाच्या पडद्याआड आजींना यातलं काहीच एकट्याने जमेनासं झालंय, हे वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून उत्तर देताना दोन वाक्यं वेगळी ठेवावीत: "त्या करत नाहीत" आणि "त्यांना करता येत नाही". दुसरं म्हणजे, आजच्या तापातली अवस्था सांगू नये, आजारी पडण्यापूर्वी साधारण दोन आठवडे कशा होत्या ते सांगावं. स्केल तेच विचारतं. परवापर्यंत देवळात चालत जाणारी बाई आज स्ट्रेचरवर गलितगात्र दिसते. तिला नेहमीच अशी समजलं गेलं तर उपचारांचे निर्णय बदलू शकतात. ही माहिती कुठल्याच मशिनमध्ये नसते. ती घरच्यांकडेच असते.

तीच गोळी, वेगळं शरीर

आता गोळ्यांकडे वळू. पन्नाशीत सोसलेली गोळी ऐंशीत का बाधते? मुख्य कारणं तीन.

मूत्रपिंडाचं काम वयाबरोबर मंदावतं, त्यामुळे औषध शरीरात जास्त वेळ राहतं. ब्लड टेस्टमधलं क्रिएटिनिन कधीकधी चकवतं, कारण ते स्नायूंतून येतं. बारीक, स्नायू झडलेल्या आजींचा आकडा नॉर्मल दिसतो, पण मूत्रपिंड तितकं चांगलं नसतं. दुसरं, शरीरातलं पाणी कमी होतं आणि चरबीचं प्रमाण वाढतं. डायझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या चरबीत मुरतात आणि दुसऱ्या दिवशीही गुंगी राहते. तिसरं, उठल्यावर रक्तदाब सावरण्याची यंत्रणा सुस्त होते. बसून मोजलेलं बी.पी. छान येतं आणि रात्री बाथरूमला उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून चक्कर येत असेल तर बी.पी. उभं राहूनही मोजून घ्या, असं नर्सला आवर्जून सांगावं. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर गोळ्यांचा पुन्हा विचार व्हायला हवा.

हे प्रकार किती घडतात? २००४ साली मर्सीसाइडच्या दोन हॉस्पिटलांतल्या १८,८२० भरत्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत ६.५ टक्के भरत्या औषधांच्या दुष्परिणामांशी निगडित निघाल्या, आणि त्यांतल्या बहुतेक टाळता येण्यासारख्या होत्या. त्यामागची औषधं काही अद्भुत नव्हती. ॲस्पिरिन, पाणी काढणाऱ्या गोळ्या, वॉर्फरिन आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, म्हणजे घराघरांत असणारीच. २०२१ च्या इंग्लंडच्या सरकारी अहवालाने सांगितलं की पासष्टीपुढच्या लोकांच्या साधारण पाचांतल्या एका भरतीमागे औषधांचा त्रास असतो, आणि जी.पी.मार्फत दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी निदान १० टक्के त्या रुग्णाला गरजेची किंवा योग्य नसतात.

औषधाला औषध

गोळ्या वाढतात कशा, याचं एक नेहमीचं उदाहरण पाहा. बी.पी.साठी ॲम्लोडिपिन सुरू होतं. त्याने काहींच्या पायांना सूज येते. सूज पाहून पाणी काढायची गोळी मिळते. तिने रात्री चारदा उठावं लागतं, म्हणून लघवीवर ताबा राहावा अशी तिसरी गोळी येते. तिने तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही आणि विसरायला होतं. मग जुलाबाचं औषध येतं, आणि घरात कुजबुज सुरू होते, "आजींना विसरण्याचा आजार तर नाही ना?" प्रत्येक डॉक्टरने आपापल्या जागी चांगल्याच हेतूने लिहिलेलं असतं. सगळी साखळी एकत्र पाहिलेली कुणी नसते, इतकंच.

तोंड कोरडं पाडणाऱ्या या जातीच्या औषधांकडे विशेष लक्ष हवं. लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, नसांच्या दुखण्यासाठीचं ॲमिट्रिप्टिलिन, ॲलर्जीची पिरिटॉन आणि आपल्याकडची ॲव्हिल, दुकानात मिळणाऱ्या काही झोपेच्या गोळ्या, ही एकेकटी चालतात. दोन-तीन एकत्र आली की थकलेल्या माणसात गोंधळलेपण आणि तोल जाणं वाढतं.

दोन देशांची औषधं, एकच पोट

आपल्या घरांतला खास प्रश्न हा. भारतात गोळी ब्रँडच्या नावाने ओळखली जाते, इथे मूळ औषधाच्या नावाने. शिवाय भारतात एकाच गोळीत दोन-तीन औषधं असणं नेहमीचं. टेल्मा-एएम या गोळीत टेल्मिसार्टनबरोबर ॲम्लोडिपिन असतं. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात.

आमच्या एका सभासदांच्या सासूबाई अशाच आल्या होत्या. येताना आणलेली बी.पी.ची गोळी चालूच होती. इथल्या डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन लिहिलं, तेही सुरू झालं. नावं वेगळी, पाकिटं वेगळी, त्यामुळे एकच औषध दुप्पट जातंय हे कुणाला कळलं नाही. सकाळी पूजेला उठताना चक्कर येऊन त्या देवघरापाशी पडल्या. मनगटावर निभावलं. कोपऱ्यावरच्या केमिस्टने दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा पाच मिनिटांत उलगडा झाला.

वेदनाशामक गोळ्यांचंही तसंच. गुडघे दुखतात म्हणून भारतातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा कॉम्बिफ्लॅम घेतली जाते. सोबत बी.पी.ची रॅमिप्रिल आणि पाण्याची गोळी असेल तर तिघी मिळून मूत्रपिंडावर भार टाकतात. इथे तोंडाने घ्यायची डायक्लोफिनॅक २०१५ पासून प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही, ती उगाच नाही. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित, पण तेही क्रोसिन, को-कोडामॉल आणि सर्दीच्या पावडरीतून तीनदा पोटात जातं. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर डोस किती, ते केमिस्टला विचारूनच घ्यावं.

उपास, चहा आणि काढे

आहाराबद्दल डॉक्टर विचारतात, पण एकादशीबद्दल विचारायचं त्यांना सुचेलच असं नाही. ग्लिक्लाझाइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निर्जळी उपास केला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. उपास करायचाच असेल तर आधी डायबिटीस नर्सशी बोलून डोस ठरवून घ्यावा. देवालाही ते चालेल! उलट्या-जुलाब होऊन पाणी टिकत नसेल तेव्हा मेटफॉर्मिन, रॅमिप्रिल आणि पाण्याच्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात का, हे त्याच दिवशी केमिस्टला किंवा १११ वर विचारावं.

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा अर्धा-पाऊण तासाने. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर निम्मी वाया. हाडांसाठीची आठवड्याची अ‍ॅलेन्ड्रोनिक ॲसिडची गोळी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही. गोळी गिळवत नाही म्हणून आमटीत चुरडून देण्याआधी विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या चुरडल्या की दिवसभराचा डोस एकदम सुटतो.

आयुर्वेदिक औषधांबद्दल आपल्याला जिव्हाळा आहे, पण डॉक्टरांपासून ती लपवू नयेत. २००४ साली अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या दुकानांमधून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. काढा, चूर्ण, कारल्याचा रस, हळदीच्या कॅप्सूल, जे काही पोटात जातं ते यादीत हवं.

हक्काच्या सोयी

इथे बऱ्याच सोयी आहेत आणि त्या मागाव्या लागतात. जी.पी. सर्जरीतल्या फार्मासिस्टकडून सगळ्या औषधांची सविस्तर फेरतपासणी होते, तिला 'स्ट्रक्चर्ड मेडिकेशन रिव्ह्यू' म्हणतात. हे शब्द रिसेप्शनवर तसेच उच्चारावेत. काही दीर्घ आजारांसाठी नवी गोळी सुरू झाली की केमिस्टकडे 'न्यू मेडिसिन सर्व्हिस' २०११ पासून मिळते. हॉस्पिटलमधून घरी सोडताना बदललेल्या औषधांची माहिती आपल्या केमिस्टला पाठवण्याची सोय २०२१ पासून आहे. ती पाठवली का, ते वॉर्डमध्ये विचारा. इंग्रजी जमत नसेल तर दुभाष्या मोफत मिळतो, आधी सांगितलं पाहिजे एवढंच. दहा वर्षांच्या नातवाने आजींच्या पोटाच्या तक्रारी भाषांतरित करणं त्याला आणि आजींना, दोघांनाही अवघड.

पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांना जी.पी.चा सल्ला आणि ए. अँड ई. मधले उपचार मोफत आहेत. दाखल झाल्यावर मात्र बहुधा बिल येतं, म्हणून विमा काढताना जुने आजार आणि औषधं न लपवता लिहावीत.

आपण काय करायचं?

• घरातली सगळी औषधं, म्हणजे भारतातली, इथली, दुकानातली आणि आयुर्वेदिक, एका पिशवीत भरून वर्षातून एकदा केमिस्टकडे किंवा सर्जरीत न्या.

• एका कागदावर यादी करा: औषधाचं मूळ नाव, डोस, वेळ, आणि कशासाठी. शेवटचा रकाना भरता आला नाही तर ती गोळी विचारण्यासारखी आहे.

• त्याच कागदाच्या मागे लिहा: दोन आठवड्यांपूर्वी किती चालत होत्या, काय स्वतः करत होत्या, वर्षात किती वेळा पडल्या, वजन किती घटलं. ॲलर्जी ठळक लिहा.

• साठीनंतर इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शन मोफत, म्हणून गोळ्या साठवू नका. उरलेल्या केमिस्टला परत द्या.

• मनाने कुठलीही गोळी बंद करू नका. स्टिरॉइड, फिटची औषधं, हृदयाच्या काही गोळ्या, पार्किन्सनची औषधं अचानक थांबवली तर जीवावर बेतू शकतं. कमी करायचं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू आणि एका वेळी एकच.

• थकणं काही अंशी मागे फिरवता येतं. रोज खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा व्यायाम, जेवणात डाळ, दही, अंडं, पनीर यांची भर, आणि डॉक्टरांना विचारून ड जीवनसत्त्व. आपल्या सावळ्या कातडीला इथलं ऊन पुरत नाही, म्हणून वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करावा, असं एन.एच.एस. सांगते.

या पुस्तिकेतून जमणाऱ्या निधीचा एक भाग याच कामासाठी ठेवला आहे. मराठी आणि इंग्रजीत छापलेलं, पर्समध्ये मावेल असं औषधांचं कार्ड प्रत्येक ज्येष्ठ सभासदाला द्यायचं आणि वर्षातून दोनदा हॉलमध्ये 'पिशवी दिवस' भरवायचा. तिथे आपल्यातलेच फार्मासिस्ट आणि डॉक्टर चहा पिता पिता पिशव्या उघडून पाहतील. खर्च आहे तो छपाईचा, हॉलच्या भाड्याचा आणि ज्यांना एकट्याने येता येत नाही त्यांना आणण्या-नेण्याचा. ज्यांना देणगी शक्य नाही त्यांनी त्या दिवशी गाडी घेऊन यावं आणि शेजारच्या एकट्या काकूंना सोबत आणावं. त्यांची पिशवी मात्र विसरू नका.